जेडला पाणी कमी, कात्री जास्त

जेड प्लांटबद्दल कोणीही विचारलं की पहिला प्रश्न पाण्याचाच असतो, ताई पाणी किती घालायचं, रोज की दिवसाआड, पेलाभर की थोडंसं, आणि मी दरवेळी उलट विचारते की ऊन किती तास येतं आणि शेवटचं छाटलंत कधी. छाटायचं नाव काढलं की बहुतेक जण बिचकतात. एवढं छान वाढलंय, कशाला कापायचं, असं म्हणतात. मला ते मनापासून समजतं, पण हे झाड वेगळं आहे, त्याला हातच लावला नाही तर ते लांब, बारीक, पिचकं होत जातं, खालची पानं गाळतं आणि शेवटी कुंडीबाहेर लोंबायला लागतं, आणि मग लोक म्हणतात आमच्याकडे जेड जगतच नाही. जगतं हो. पुण्यात तर फारच छान जगतं, फक्त ते मुळात कुठलं आहे आणि तिथे कोणाच्या संगतीत वाढतं हे एकदा नीट कळलं की निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी कोणतं जेड ते बघू, कारण सगळी गडबड इथूनच सुरू होते. सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या पट्ट्यातल्या मोठ्या नर्सऱ्या घ्या किंवा रस्त्याकडेची छोटी नर्सरी घ्या, आपल्याकडे जेड म्हणून बहुतेक वेळा जे हातात देतात ते पोर्च्युलाकेरिया आफ्रा असतं. छोटी, गोलसर, नखाएवढी पानं, तांबूस-तपकिरी बारीक खोड, फांद्या पसरणाऱ्या. परदेशातले लोक व्हिडिओत ज्याला जेड म्हणतात ते मात्र क्रासुला ओव्हाटा, त्याची पानं मोठी, जाड, चकचकीत, आणि खोड सुरुवातीपासूनच मांसल, बोटाएवढं जाड. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतलीच, पण कुळं वेगळी आणि स्वभावही वेगळे. मी एका नर्सरीत काकांना विचारलं की मोठ्या पानांचं जेड आहे का, तर म्हणाले मॅडम जेड म्हणजे हेच, ते मोठ्या पानांचं आपल्या पावसात टिकत नाही, उगाच पैसे घालवू नका. मला ते पटलं. क्रासुला पुण्यातही जगतं, पण उन्हाळ्यातल्या रात्री गरम असताना आणि मग पाठोपाठ पावसाळा आला की ते नाजूक होतं, सडायला वेळ लागत नाही. पोर्च्युलाकेरिया त्या मानाने खूप दणकट आहे. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हा फरक माहीत असायलाच हवा, अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या यादीत क्रासुला ओव्हाटा मांजर-कुत्र्यांना विषारी म्हणून दिलंय आणि पोर्च्युलाकेरिया मात्र साधारणपणे विषारी मानत नाहीत. इथून पुढे मी जेड म्हणेन तेव्हा आपलं छोट्या पानांचं पोर्च्युलाकेरियाच समजा.

तर हे झाड दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातलं. तिथे त्याला स्पेकबूम म्हणतात आणि ते काही कुंडीतलं झाड नाही, तीन-चार मीटर उंच वाढतं, दाट झुडुपांचं जंगलच्या जंगल असतं त्याचं. आणि त्या जंगलात हत्ती राहतात! अॅडो एलिफंट नॅशनल पार्क म्हणून एक अभयारण्य आहे तिथे, १९३१ साली ते झालं तेव्हा त्या भागात फक्त ११ हत्ती उरले होते, आज सहाशेच्या वर आहेत, आणि ते हत्ती वर्षभर हे आपलं जेड खातात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून गॅलरीत जाऊन माझ्या कुंडीकडे नव्याने बघितलं होतं. आपण ज्याच्यावरून पाणी फिरवताना पान गळलं तरी हळहळतो ते झाड तिकडे हत्ती सोंडेने ओरबाडून खातात आणि तरीही ते जंगल टिकून आहे.

टिकून आहे ते कसं, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. हत्ती वरून खातो. शेंडे, वरच्या फांद्या ओढून मोडतो, निम्मं खातो आणि निम्मं खाली सांडतो. झाडाच्या बुंध्याशी मातीला टेकलेल्या ज्या खालच्या फांद्या असतात त्या तशाच राहतात आणि जमिनीला टेकल्या टेकल्या मुळं धरतात, सांडलेल्या तुकड्यांमधलेही काही रुजतात, म्हणजे हत्ती जेवून गेला की झाड बसकं, रुंद आणि दाट होत जातं. बकऱ्यांचं याच्या बरोबर उलट. ईस्टर्न केपमध्ये मोहेर लोकरीसाठी अंगोरा बकऱ्या पाळतात, त्या खालून खातात, त्यांचं तोंड पोचतं तिथपर्यंतचा सगळा घेर साफ करतात, मग वर नुसती छत्री उरते, खालची माती उघडी पडते, तापते, नवीन काही रुजत नाही आणि काही वर्षांनी ते उरलेलं झाडही मरतं. अशी लाखो हेक्टर जमीन तिकडे उजाड झालीय. २००४ पासून तिथल्या सरकारने हे जंगल परत उभं करायला घेतलंय, आणि ते कसं, तर रोपवाटिकेत बी पेरून वगैरे काही नाही, सरळ जेडच्या फांद्या तोडून उघड्या जमिनीत खोचतात.

आता आपल्या गॅलरीत येऊ. आपण घरी बहुतेक जण नेमकं त्या बकऱ्यांसारखं वागतो. खालची वाळकी पानं काढा, खालच्या बारीक फांद्या काढा, खोड स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि शेंडा मात्र जपून ठेवा कारण तो वाढतोय ना! मग होतं काय, खाली काठी आणि वर झुपका. शेंड्याचं वजन वाढलं की ती काठी वाकते, मग तिला बांबूची काडी बांधा, दोरा बांधा. मी म्हणते हत्तीसारखं करा. वरचं तोडा, खालचं राहू द्या.

कापायचं कुठे हे मात्र नीट बघून ठरवायचं. जेडची पानं जोडीने येतात, समोरासमोर दोन, आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. एक जोडी डावी-उजवी असेल तर पुढची मागे-पुढे, परत पुढची डावी-उजवी. ज्या जोडीच्या वर तुम्ही कापाल त्या जोडीच्या बगलेतून दोन नवीन फुटवे येतात आणि ते त्या पानांच्याच दिशेने जातात. म्हणजे झाड भिंतीला टेकून ठेवलेलं असेल आणि फांद्या बाजूला पसरायला हव्या असतील तर डाव्या-उजव्या जोडीच्या वर कापा, पुढे घेर यायला हवा असेल तर मागच्या-पुढच्या जोडीच्या वर. इतकं सोपं आहे, आणि एकदा लक्षात आलं की कुठलीही फांदी बघितली तरी डोळ्यांसमोर पुढच्या दोन फांद्या दिसायला लागतात, मला तर आता दुसऱ्यांच्या घरी गेल्यावरही हात शिवशिवतात. जिथली पानं गळून गेलीयत तिथेही खोडावर आडवी रेघ दिसते बघा, कडं असतं बारीकसं, तिथून पण फुटवा येऊ शकतो, त्यामुळे उघड्या काठीवर कापलं तरी घाबरायचं कारण नाही, फक्त वेळ जरा जास्त लागतो. अगदी पानांना चिकटून कापू नका, वर थोडा तुकडा ठेवा, तो आपोआप सुकतो आणि गळून पडतो. कात्री धारदार आणि स्वच्छ हवी, भाजीची कात्री चालते पण आधी धुऊन पुसून घ्या.

आणि आता पाणी. छाटल्यावर लोक लगेच पाणी घालतात, बिचाऱ्याला कापलंय, जरा तरतरी येऊ दे म्हणून, आणि बरीच झाडं इथेच जातात. पाणी पानं ओढतात. निम्मी पानं काढून टाकली तर पाण्याचा खपही तेवढाच कमी होतो, माती ओली ती ओलीच राहते, मुळं गुदमरतात आणि खोड बुडाशी काळं, मऊ पडतं. छाटल्यावर नवीन हिरवे ठिपके फुटायला लागेपर्यंत हात आखडता घ्यायचा. ठिपके दिसले, माती खोलवर सुकली, की मग भरपूर घाला, कुंडीच्या खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. चमचा चमचा रोज घालण्यापेक्षा एकदा पोटभर आणि मग मोठी सुट्टी, हे त्याला मानवतं.

तहान लागलीय हे झाड स्वतः सांगतं, पान दोन बोटांत धरून हलकेच दाबा, टणक असेल तर पाणी नको, मऊ पडलं असेल, सुरकुतलं असेल, तर हवंय. पिवळी, फुगलेली, हात लावताच गळणारी पानं म्हणजे पाणी जास्त झालंय. सुरकुतलेलं पान पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांत परत टणक होतं, पण बुडाशी सडलेलं खोड परत येत नाही, त्यामुळे शंका असेल तेव्हा थांबा. सडलंच तर वरचा निरोगी भाग कापून घ्या, कापलेल्या जागी आतून तपकिरी रंग अजिबात दिसत नाही तिथपर्यंत कापत जा, आणि त्याची कटिंग लावा, झाड वाचतं.

कटिंग म्हणजे तर या झाडाचा हातखंडाच. वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, आणि सावलीत तशीच वर्तमानपत्रावर ठेवून द्या दोन-चार दिवस, कापलेली जागा कोरडी, पांढरट झाली पाहिजे. मग कोरड्याच मातीत खोचा, डळमळणार नाही इतकी घट्ट बसवा आणि पाणी चार-पाच दिवसांनी. पाण्याच्या बाटलीत ठेवूनही मुळं फुटतात, पण मातीत आलेली मुळं जास्त बळकट असतात असा माझा अनुभव आहे. एक लक्षात ठेवा, नुसतं पान मातीवर ठेवून क्रासुलाचं नवीन रोप सहज येतं, त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, आपल्या छोट्या पानांच्या जेडचं तसं सहसा होत नाही, पानाला मुळं येतात पण पुढे कोंब क्वचितच येतो. त्यामुळे गळलेली पानं ट्रेमध्ये मांडून वाट बघत बसण्यापेक्षा फांदी लावा.

आता जरा चवीबद्दल लिहिते, मला फार आवडतो हा विषय. जेडचं पान आंबट असतं. पोर्च्युलाकेरिया हे नाव पोर्च्युलाकावरून आलंय आणि पोर्च्युलाका म्हणजे आपली घोळूची भाजी. पूर्वी जेडला त्याच कुळात धरायचे, आता जनुकांच्या अभ्यासानंतर वेगळ्या कुळात टाकलंय, पण पानाचा तो गुबगुबीतपणा आणि आंबटपणा बघितला की पूर्वीच्या लोकांना तसं का वाटलं ते कळतं. नर्सरीतून आणलेल्या झाडाची पानं तोंडात घालू नका, त्यांच्यावर काय काय फवारलेलं असतं, आणि झाड पोर्च्युलाकेरियाच आहे याची खात्री नसेल तर अजिबातच नको. पण ही आंबट चव का असते हे कळलं की पाण्याचं गणितही कळतं. अशी बरीच झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही, आणि रात्री गारव्यात ती छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. सूर्य उगवला की छिद्रं बंद आणि साठवलेल्या मालावर काम सुरू. त्यामुळे पान सकाळी सगळ्यात आंबट आणि संध्याकाळकडे आंबटपणा जातो.

आणि ही गोष्ट लेखी नोंदवली गेली ती भारतात, तीही आपल्या पानफुटीवर! बेंजामिन हेन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिण भारतात काम करत होता, त्याने पानफुटीची पानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून बघितली आणि १८१३ मध्ये लंडनला पत्र लिहून कळवलं की सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात, ते पत्र १८१५ साली छापून आलं. कुठलंही उपकरण नाही, नुसती जीभ. जेडमध्ये याच्याही पुढची गंमत आहे, १९७७ साली टिंग आणि हॅन्सकम या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं की भरपूर पाणी मिळत असेल तर हे झाड साध्या झाडांसारखं दिवसा श्वास घेतं आणि पाणी तोडलं की रात्रपाळीवर जातं. म्हणजे दुष्काळ आला की ते कामाची पद्धतच बदलतं. म्हणून तुम्ही गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जेडला पाणी घाला असं सांगू नका, ते घालतील, प्रेमाने रोज घालतील. मात्र याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या, ज्या दिवसांत झाड जोरात वाढतंय, ऊन भरपूर आहे, तेव्हा त्याला पाणी दिलं तर ते दिवसपाळीवर येऊन भराभर वाढतं. जेड म्हणजे निवडुंग नव्हे, कायम तहानलेलं ठेवलं तर जगेल पण भरणार नाही.

त्यामुळे ऋतू बघून वागायचं. इंटरनेटवर जे वेळापत्रक मिळतं ते बहुतेक थंड देशांचं असतं, हिवाळ्यात झाड आत घ्या, बर्फापासून जपा, तिकडे ते बरोबरच आहे पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. अॅडोला वर्षभरात मिळून पाऊस ४००-४५० मिलिमीटरच्या आसपास, तोही थोडा थोडा वर्षभर पसरलेला, आणि पुण्यात सातशेच्या वर, जवळपास सगळा चार महिन्यांत, मुंबईत दोन हजारांच्या वर. माझी मोठी बहीण चिपळूणला असते, तिथे तर तीन हजारांच्याही वर, आणि तरी तिच्याकडे मनगटाएवढ्या खोडाचं जेड आहे, कारण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर ती कुंड्या ओटीवर घेते, छपराखाली, वारा लागेल अशा जागी, आणि गणपतीपर्यंत जवळजवळ पाणीच घालत नाही, हवेतला ओलावाच इतका असतो. मी पुण्यात इतकं करत नाही, माझ्या कुंड्या ग्रिलमध्ये असतात, वळवाचा पाऊस आणि जूनमधल्या सरी त्यांना मस्त मानवतात, पानं धुऊन निघतात, टपोरी होतात. पण सूर्य दिसत नाही आणि दिवस-रात्र भुरभुर चालू असते ना, ते दिवस वाईट, तेव्हा कुंडी आत सरकवते आणि खालची ताटली काढून टाकते. ताटलीत साठलेलं पाणी सगळ्यात घातक आणि डासांचं वेगळंच.

मोठी छाटणी मी फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चमध्ये करते. थंडी ओसरलेली असते, ऊन चढत असतं, पुढचे तीन महिने झाड नुसतं फुटत राहतं. दुसरी, जरा हलकी, सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे ऑक्टोबरचं ऊन नवीन फुटव्यांना मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या फांद्या कापत नाही, जखम सुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत झाड निवांत असतं, पुण्याच्या थंडीने त्याला काही होत नाही, उलट पानांच्या कडा लालसर होतात आणि फार देखणं दिसतं, पाणी मात्र तेव्हा अगदी कमी. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची गॅलरी असेल तर काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंड्या भयंकर तापतात, पानांना ऊन सोसतं पण मुळं भाजतात, त्यामुळे मातीची कुंडी वापरा किंवा छोटी कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवा, आणि पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

मातीचं फार अवघड करू नका. नर्सरीतून येते ती लाल माती सुकली की दगड होते आणि भिजली की चिखल, नुसती ती नको. लाल माती एक भाग, विटांचा चुरा आणि जाड वाळू मिळून एक-दीड भाग, गांडूळखत किंवा जुनं शेणखत अर्धा भाग, मूठभर निंबोळी पेंड. विटांचा चुरा चाळून घ्या, बारीक पूड राहिली की सगळं परत घट्ट बसतं. परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे) मिळत असेल तर छानच पण विटांनी काम भागतं, बांधकामाच्या साइटवर तुटक्या विटा पडलेल्या असतात, विचारून घ्या. कुंडी उथळ चालते, मुळं खोल जात नाहीत, मोठ्या कुंडीत छोटं रोप लावू नका, न वापरलेली माती ओली राहते. खत वर्षातून दोनदा मूठभर पुरतं, जास्त नत्र मिळालं की पेरं लांब होतात आणि फांद्या लोंबतात. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नको, तुटलेली मुळं सुकू देत.

उन्हाबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. हे झाड लकी म्हणून, वास्तूला चांगलं म्हणून ऑफिसच्या टेबलावर, दारामागच्या शोकेसवर, टीव्हीशेजारी ठेवतात, भेट म्हणूनही देतात. श्रद्धा असेल तर जरूर ठेवा, पण मग खिडकीजवळ ठेवा, रोज चार तास तरी सरळ ऊन मिळेल असं. अंधारात ठेवलेलं जेड लगेच मरत नाही, महिनोन्महिने साठवणीवर तग धरतं, दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, फांदी उजेड शोधत जाते, आणि ते बघून लोकांना वाटतं वा, वाढतंय. ती वाढ उपासमारीची आहे. पाहुणे येणार म्हणून दोन दिवस टीपॉयवर ठेवायला काहीच हरकत नाही, परत जागेवर न्या. सावलीतून उन्हात नेताना आठवडाभर हळूहळू न्या, एकदम नेलं की पानं भाजतात किंवा गळतात.

रोग फारसे नाहीत, एकच त्रास, पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं आणि मुंग्यांची ये-जा दिसली की समजा. थोडं असेल तर कापसाचा बोळा सॅनिटायझरमध्ये बुडवून पुसून घ्या. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब, ऊन उतरल्यावर फवारा, उन्हात फवारलं तर पानं करपतात, आणि आठवड्याने परत फवारा. झाड दाट असेल तर आधी छाटा आणि मग फवारा, आतपर्यंत पोचतं.

पांढऱ्या-पिवळ्या कडांचं व्हेरिगेटेड जेडही आता सगळीकडे मिळतं, कोवळे शेंडे गुलाबी असतात, फार गोड दिसतं. त्याची वाढ हळू असते कारण पानात हिरवा भाग कमी, आणि मधेच एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटते, ती दिसताच जिथून फुटलीय तिथूनच काढा, ती इतक्या जोमाने वाढते की बाकीच्यांना मागे टाकते. ज्यांना बोन्साय करायचंय त्यांच्यासाठी सुरुवातीला याच्याइतकं समजूतदार झाड नाही, एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असतं तिथे बोन्सायच्या कुंड्या नीट बघा, जेड असेल तर कुठे कापलंय आणि फुटवे कुठून आलेत ते फांद्यांवरून वाचता येतं. खोड जाड करायचं असेल तर बुडाशी असलेली एखादी फांदी न छाटता वर्षभर मोकळी वाढू द्या, तिच्यामुळे खालचं खोड भरतं, मग ती काढून टाका. फांदीला वळण द्यायला वायर लावलीत तर दर आठवड्याला बघत राहा, हे खोड पटकन फुगतं आणि वायर रुतते.

आणि रोप विकत घ्यायची घाई करू नका. आधी सोसायटीत, नात्यात कोणाकडे जेड आहे बघा, मार्चच्या सुमाराला जाऊन म्हणा काकू तुमचं जेड फार वाढलंय, छाटून देऊ का? त्या घाबरतील, तेव्हा त्यांना हत्तींचं सांगा. खालच्या फांद्यांना हात लावू नका, वरचं कापा, चांगल्या जाड फांद्या त्यांच्यासाठीच एका कुंडीत खोचून द्या आणि उरलेल्या पिशवीत घालून घरी आणा, वर्तमानपत्रावर पसरा, शुक्रवारी आणल्या तर सोमवार-मंगळवारपर्यंत लावायला तयार होतात.